लाल खुंट्या

“बाई, चेंडू उचला.”

एवढंच म्हणाला तो. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला उलट ओरडता तरी येतं. हा सावकाश बोलला. तान्ह्या पोराच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तसा.

सकाळचे आठ वाजलेले. तिसऱ्या होलच्या वाटेवर मी गवतात उभी. हातात काठी. पायाजवळ माझा चेंडू. समोर तो, त्याचे तीन सोबती, आणि त्यांच्या पिशव्या वाहणारे चौघे. आठ जण माझ्याकडं बघत होते.

“मागे तीन गट अडकलेत तुमच्यामुळे. हे गोल्फचं मैदान आहे. मेंढरं चारायचं कुरण नाही.”

कुणीतरी हसलं.

माझं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. सासरही तसंच. माझ्या नवऱ्यानं त्याच मैदानावर तीस वर्षं माळीकाम केलं. हे सगळं त्या साहेबाला माहीत होतं. कुरण हा शब्द त्याच्या तोंडात आपसूक आला नव्हता. शोधून आणला होता.

आणि मी काय केलं? वाकले. चेंडू उचलला. पदराला पुसला. म्हणाले, “सॉरी साहेब.” इथं थांबले असते तरी बाई शहाणी म्हणायची. पण नाही. जाता जाता “थँक्यू” पण म्हणाले. कशाबद्दल थँक्यू, ते आज अडुसष्टाव्या वर्षीही मला सांगता यायचं नाही. त्या बाईला गाठून विचारावं तर ती बाई मीच. साठीची घोडी. डोक्यावर नातीची गुलाबी टोपी, लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट, आणि अक्कल बजाजनगरच्या घरात खुंटीला टांगून आलेली.

बायका गोल्फ खेळतात हे आमच्या गल्लीत कुणाला पटत नाही, म्हणून आधी खेळ सांगते. लांब कुठंतरी जमिनीत एक भोक असतं. ते भोक आणि तिथवरची वाट मिळून एक होल. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्यात घालायचा. पहिला फटका जिथून मारायचा त्या जागेला टी म्हणतात, तिथं रंगीत खुंट्या रोवलेल्या असतात. सगळ्यात मागं निळ्या, मधे पांढऱ्या, सगळ्यात पुढं लाल. भोक तेच, वाट तीच, निघायची जागा तेवढी वेगळी. ज्याच्या अंगात जेवढं बळ, त्यानं तिथून निघावं. एवढाच त्या रंगांचा अर्थ. पण माणसंच ती. त्यांनी निळ्याला मर्द केलं आणि लालला बाई.

आमचं मैदान वाळूजकडच्या अंगाला, शहराबाहेर. नऊ होलचं. पाण्याची बोंब, त्यामुळं भोकाभोवती हिरवळ नाही. वाळू आणि तेल कालवून केलेली गुळगुळीत जागा, खळ्यासारखी. ते खळं आमचे हे सारवायचे. गवत कापायचे, पाट्या रंगवायचे. आणि दर पावसाळ्यानंतर खुंट्या. त्या ते घरी आणायचे. निळ्या-पांढऱ्या ते रंगवायचे, लाल माझ्याकडं. आठ-आठ दिवस नखांत लाल रंग राहायचा. शेजारीण विचारायची, “काय ओ, लग्नाला गेलता का?”

सोमवारी मैदान सभासदांना बंद. दुपारी चारनंतर काम संपलं की मजुरांना खेळायची मुभा. ही जुनी रीत. इतर गड्यांच्या बायका यायच्या नाहीत. मी जायचे. कुणा साहेबाची मोडकी काठी ह्यांनी माझ्या उंचीला कापली, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. खांदा माझा लहानपणापासून तयार होता. रान सोडून चाललेल्या मेंढीच्या पुढ्यात नेमका दगड पाडायचा, तिला लागू द्यायचा नाही, हे मी सहाव्या वर्षी शिकले होते. त्यामानानं चेंडू म्हणजे गरीब प्राणी. हलत नाही, ओरडत नाही.

ह्यांचा फटका निळ्या खुंट्यांवरून सुटला की चेंडू आभाळात हरवायचा. पण माझ्याबरोबर खेळताना कायम लालवरून. मी एकदा म्हटलं, “तुम्ही मागनं मारा की. तुमच्यात ताकद हाय.”

तर म्हणाले, “मागनं मारलं की तू पुढं अन् मी मागं. मग बोलायचं कुणासंगं?”

त्या दिवशी मला वाटलं, काय गोड बोलतो हा माणूस. त्या बोलण्यात अख्खा खेळ होता हे कळायला मला पुढं लई वर्षं लागली. बुद्धी माझी सावकाश चालते. त्या बाबतीत साहेबाची तक्रार खरी.

हे निवृत्त झाले तेव्हा समितीनं शाल दिली, नारळ दिला आणि एक काच लावलेला कागद दिला. मैदानावर आजीव, मोफत, सपत्नीक खेळण्याची मुभा. ते ‘सपत्नीक’ कारकुनानं सवयीनं लिहिलं असणार. लग्नपत्रिकेवर नावापुढं हात आपोआप लिहून जातो तसं. वाचणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पत्नी खरंच येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्याही.

दीड वर्षात हे गेले. छातीत कळ आली, रिक्षा आली, दवाखान्याच्या वाटेवर उस्मानपुऱ्यापर्यंत पोचलो, संपलं.

मुलगा पुण्यात. सून चांगली, रविवारी फोनवर तोंड दाखवते. बाकीचे सहा दिवस घर आणि मी. सवयीनं दोन कप चहा टाकायचे. एक प्यायचा, दुसरा थंड झाला की मोगऱ्याला घालायचा. वर्षभरात मोगरा मेला. मग मी भिंतीशी बोलायला लागले. भिंत ह्यांच्यापेक्षा बरी ऐकायची, पण उत्तर नाही. एका सकाळी भिंतीवरचा तो कागद पुसता पुसता वाचला. सपत्नीक. म्हटलं, पत्नी जिती हाय की अजून!

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. गेले.

पहिल्या होलवर रऊफभाई बसलेले असतात. कुणी कधी निघायचं ते सांगायचं त्यांचं काम. ह्यांचे जुने सोबती. कागद बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “भाभी, लाल पे से मारो. भाई भी आपके साथ वहींच से मारते थे.”

मी लालकडं निघालेच होते. तेवढ्यात मागून कॅप्टन आला. कॅप्टन म्हणजे लष्करातला नव्हे, क्लबातल्या खेळाचा प्रमुख. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला, पण हुद्दा अंगावरून न उतरलेला माणूस. मला बघून सोबत्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “या या. लेडीज टी पुढे आहे हं, बाहुल्यांचं अंगण! की आमच्यासारखं मागून मारताय?”

झालं. बाई पेटली. माझ्या जागी कुणी शहाणी असती तर हसून लालवर गेली असती. मी पदर खोचला आणि तरातरा निळ्या खुंट्यांवर जाऊन उभी राहिले. रऊफभाई डोक्याला हात लावून “भाभी, भाभी” करत होते. मी कुणाचं ऐकते!

काठी फिरवली. चेंडू निघाला. चांगला निघाला, खोटं कशाला बोलू. सरळ गेला, उड्या मारल्या, आणि लाल खुंट्यांच्या चार पावलं अलीकडं बसला. म्हणजे मी जिथून सुरुवात करायची तिथं माझा एक फटका वाया घालवून मी पोचले होते. वर घाम.

“चहा! चहा!” कॅप्टन आणि मंडळी ओरडली.

मला वाटलं मला चहा विचारतायत. किती माणुसकी! हात जोडून म्हटलं, “नको साहेब, आत्ताच घेऊन आले.” ते असे हसले की झाडावरच्या साळुंख्या उडाल्या. मागून रऊफभाईंनी हळूच सांगितलं. ज्याचा पहिला फटका लाल खुंट्यांच्या पुढं जात नाही त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, अशी त्यांच्यात थट्टेची रीत आहे.

त्यानंतर पाच महिने मी निळ्यावरूनच मारलं. कुणाला दाखवायला? त्यांना. ते बघत होते का? पहिले दोन दिवस. पुढं बघायचंही सोडलं. तरी मी मागूनच. दर होलला दोन-तीन फटके नुसते बाकीच्यांच्या बरोबरीला यायला. खांदा सुजायचा, गुडघा बोलायचा, चाल मंदावायची. मागून चौघाचौघांचे गट यायचे आणि मी बाजूला व्हायचे. मैदानावर म्हणतात, एकट्याला मान नाही. चौघं आले की एकट्यानं हटायचं. दुसऱ्या होलजवळ एक लिंब आहे, त्याखाली मी उभी राहायचे. एक गट गेला. दुसरा गेला. कुणी मान हलवायचं नाही, कुणी “काय बाई” म्हणायचं नाही. लिंबाकडं बघावं तसं बघायचे. घरात एकटी असले की निदान घर माझं असायचं. इथं एवढ्या माणसांत एकटी, आणि जागाही लिंबाची.

असं होत होत तो तिसऱ्या होलचा दिवस आला, समोर हाच कॅप्टन. चेंडू उचला. सॉरी. थँक्यू.

घरी येऊन पिशवी दारामागं टाकली. दिवाळी होऊन गेली होती. होळीपर्यंत तिला हात लावला नाही. सून म्हणाली, “आई, त्यापेक्षा भजनी मंडळात जा ना.” गेले. तिथं झांजा वाजवताना माझा खांदा आपोआप मागं जायचा आणि शेजारणीच्या कानाला लागायचा.

मग क्लबाचं पत्र आलं. ‘आपल्या संथ खेळामुळे सभासदांची गैरसोय होत असल्याने आपली मुभा रद्द करण्याचा विचार समिती करत आहे. आपले म्हणणे पंधरा दिवसांत लेखी कळवावे.’

मी उत्तर लिहायला बसले. सातवी शिकलेली आहे, अक्षर चांगलं आहे. पहिलं वाक्य लिहिलं, ‘माझी चूक झाली.’ पुढं काही सुचेना. तीन दिवस तो कागद तसाच टेबलावर. ह्यांनी तीस वर्षांत मिळवलेली एवढी एकच गोष्ट घरात होती, आणि ती मी घालवत होते.

चौथ्या दिवशी उठून भावाकडं गेले. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखतो. तेव्हा वैजापूरच्या बाजूला कांदा काढलेल्या मोकळ्या रानात त्याची मेंढरं बसवलेली होती. रानाला खत, मेंढरांना पात. त्याला गोल्फ ठाऊक नाही, पत्र ठाऊक नाही. त्यानं भाकरी दिली, घोंगडी दिली.

पहाटे त्यानं मेंढरं सोडली. सगळी एकदम नाही. आधी एक लंगडी आणि चार गाभण. त्यांना पार पुढच्या बांधापर्यंत जाऊ दिलं, मग बाकीचा कळप उठवला. हे मी लहानपणी रोज बघितलं होतं. रोज बघितलेलं दिसत नाही.

“भाऊ, ही लंगडी आधी कशाला सोडतो रे?”

“आक्का, शहरात राहून येडी झाली का? तिला सगळ्यांबरोबर मागनं सोडली तर ती दमती. कळप तटतो. अन् मग लोक कुणाला बोलत्यात? लंगडीला. बोलायला पायजे सोडणाऱ्याला.”

“तिला लाज वाटत नसंल? पुढनं निघायची?”

“लाज कशाची? दुपारी पाण्यावर समद्यांबरोबर असती ती.”

मी बांधावर बसले आणि हसत सुटले. भाऊ घाबरला. त्याला काय सांगू? की आक्का साठ वर्षांची झाली, मेंढरांत जन्मली, स्वतःच्या हातांनी त्या लाल खुंट्या रंगवल्या, आणि एका माणसानं त्यांना बाहुल्यांचं अंगण म्हटलं म्हणून तिला त्या खुंट्यांची लाज वाटली.

मग हसू थांबलं. कारण पुढचं दिसलं. कॅप्टननं आधी मला माझ्या ताकदीबाहेरच्या जागेवर उभं केलं. मग मी दमले म्हणून मला हाकललं. आणि दोन्ही वेळा मी त्याचंच ऐकलं होतं. निळ्यावर गेले ती हिंमत नव्हती. तो हुकूमच होता, थट्टेत गुंडाळलेला. मी तो पाच महिने पाळला.

घरी आले. ‘माझी चूक झाली’ लिहिलेला कागद फाडला. उत्तर पाठवलं नाही.

मंगळवारी सात वाजता रऊफभाईंसमोर उभी राहिले. ते खालच्या आवाजात म्हणाले, “भाभी, कॅप्टनसाब अभीच निकले. आगेच हैं.”

“असू द्या.”

लाल खुंट्या. चेंडू ठेवला. मारला. चालायला लागले. आमच्या ह्यांना लागायचे त्यापेक्षा दोनच फटके जास्त लागले असतील. चाल माझी मूळचीच मेंढरामागची, दमले नाही तर थांबत नाही. दुसरा होल संपवून तिसऱ्यावर आले तर ते चौघं तिथंच. एकाचा चेंडू मागं बाभळीत हरवला होता, तो आत्ता शोधून आले होते. कॅप्टनच्या गुडघ्याला पट्टा, तरी निळ्या खुंट्यांवर. पुढचा होल पार रिकामा. तिथं टिटवी चालत होती. आणि खुंट्यांच्या शेजारी एक पाटी: ‘पुढचा होल मोकळा असेल तर मागच्याला वाट द्यावी.’ ती पाटी ह्यांनी रंगवलेली. ‘वाट’मधला ट जरा वाकडा आहे.

मी लिंबाखाली गेले नाही. उघड्यावर, त्यांच्या दहा पावलं मागं, काठीवर हनुवटी टेकून उभी राहिले. मेंढक्या उभा राहतो तशी.

कॅप्टननं वळून बघितलं. “बाई, तुमचं उत्तर आलं नाही.”

“नाय आलं. मीच आले.”

“बाजूला उभ्या राहा. आम्ही मारून घेतो.”

“साहेब, पुढचा होल मोकळाय. वाट द्या.”

“एकट्याला मान नसतो. इतकी वर्षं नवऱ्यानं काम केलं इथं, एवढंही शिकवलं नाही?”

“मान कोण मागतंय? वाट मागतेय. पाटीवर वाट लिहिलीय.”

“मी सांगतोय ना? बाजूला व्हा.”

“नाय.”

एवढाच शब्द. आयुष्यभर लेकराला म्हटला असेल, नवऱ्याला म्हटला असेल, भाजीवाल्याला तर रोज. ज्याला म्हणायला पाहिजे होता त्याला पहिल्यांदाच म्हटला.

तो लाल झाला. रागारागानं वळला आणि काठी हाणली. चेंडूच्या टाळक्याला लागली. चेंडू घरंगळत गेला, गेला, आणि लाल खुंट्यांच्या अलीकडं थांबला.

एक जण बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. त्यांची थट्टेची रीत कुणासाठी होती आणि कुणासाठी नव्हती, ते मला तेव्हा लख्ख दिसलं.

“चहा,” मी म्हणाले.

हसलं कुणी नाही. मी त्यांच्यामधून चालत पुढं गेले. लाल खुंट्यांमधे चेंडू ठेवला. मागून “अहो, ओ बाई!” आलं. मी चौघांकडं पाठ केली. मागून कुणी मारला असता तर पाठीत बसला असता, हे मला माहीत होतं. तरी पाठ केली. मारला. गेला सरळ. मी त्याच्या मागं गेले. नऊ होल संपवून घरी आले तेव्हा दहा वाजायचे होते.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी शाबास म्हटलं नाही. रऊफभाईंनी मान खाली घातली, त्यांना नोकरी टिकवायची होती, मी त्यांना दोष देत नाही. घरी येऊन चहा टाकला. एकच कप. त्या दिवशी पहिल्यांदा हात चुकला नाही.

दुसरं पत्र आलं, कागद परत करा. मी चिठ्ठी धाडली, ‘कागद भिंतीवर आहे. मी मंगळवारी सातला लाल खुंट्यांवर असते. काढायची असेल तर मुभा तिथं, सगळ्यांसमोर काढा.’ अजून कुणी आलेलं नाही. माझी बाब आठ वर्षं समितीच्या विचाराधीन आहे. कॅप्टन बदलले, तो गुडघ्याच्या पट्ट्यावाला खेळायचा बंद झाला. नवे येतात. तीच थट्टा नवी समजून करतात. सभासदांच्या बायका कधी आल्या तर मला बघून लांबून हसतात, जवळ येत नाहीत. माझ्याशी कुणी खेळत नाही. शेजारून बोलत चालणारा एकच होता, त्याच्या जागी दुसरा मी शोधलाही नाही. नऊ होल मी एकटी चालते. काही दिवस ते लांबतात. लई लांबतात.

पण लिंबाखाली मी उभी राहत नाही. पुढं मोकळं असेल तर वाट मागते, दिली नाही तर घेते. कुठून निघायचं ते माझं मी ठरवते. आणि चेंडू उचलायला वाकते ती एकदाच, होल संपल्यावर, भोकातला काढायला. त्याच्या आधी चेंडू उचला म्हणणाऱ्यानं स्वतः वाकावं.